माहुताचा पोर साबू

साबू हे नाव उच्चारले की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर चाचा चौधरीच्या चित्रकथेतला, गुरू ग्रहावरून आलेला धिप्पाड साबू उभा राहतो. परंतु त्याच्या कितीतरी आधी हेच नाव लंडनच्या आणि न्यूयॉर्कच्या चित्रपटगृहांवर मोठमोठ्या अक्षरांत झळकत होते. तो साबू धिप्पाड नव्हता. म्हैसूर संस्थानातील एका माहुताचा तो पोरका मुलगा होता. अंगाने शेलाटा, रंगाने सावळा, डोळ्यांत मिस्कील चमक आणि चेहऱ्यावर सगळे जग जिंकील असे हसू. बोलपटांच्या त्या पहिल्या काळात परदेशी रुपेरी पडद्यावर ज्यांचे नाव नायकाच्या जागी छापले गेले अशा सुरुवातीच्या भारतीय नटांपैकी एक म्हणून त्याच्याकडे बोट दाखवावे लागते. आज त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

साबूचे मोठेपण कळण्यासाठी त्या काळचे साहसपट कसे असत हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. घनदाट अरण्य, वाळवंट, पडके देऊळ, वाघ-हत्ती आणि दऱ्याखोऱ्यांतून निघालेला तांडा, हा या चित्रपटांचा ठरलेला मसाला. कथा घडायची आशियात किंवा आफ्रिकेत, पण शूर, बुद्धिमान आणि प्रेमास पात्र असा पुरुष मात्र गोराच असायचा. तेथल्या मूळ माणसांच्या वाट्याला तीनच कामे उरत : ओझी वाहणारा हमाल, कपटी सरदार किंवा साहेबासाठी प्राण देणारा इमानी नोकर. त्यातही यांतले जरा मोठे काम असले की ते गोऱ्या नटाच्या तोंडाला काळा-तपकिरी रंग फासून त्यालाच दिले जाई. १९३९ साली आलेल्या ‘गंगा दिन’ या गाजलेल्या चित्रपटातील भारतीय भिस्ती सॅम जॅफे या अमेरिकन नटाने रंगवला होता, आणि आपला वायव्य सरहद्दीचा मुलूख कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत उभा केला होता. अशा या जगात एका खऱ्याखुऱ्या भारतीय मुलाने पाऊल ठेवले आणि ते जग काही काळ त्याच्यावर लुब्ध झाले. ही कहाणी त्या लोभाची आहे आणि त्या लोभाला असलेल्या कुंपणाचीही आहे.

साबूचा जन्म २७ जानेवारी १९२४ रोजी म्हैसूर संस्थानातील कारापूर येथे झाला. हा सारा भाग काकनकोटच्या रानाला लागून असलेला. रानटी हत्तींचे कळप हाकत आणून लाकडी कोटात कोंडण्याची खेड्डा नावाची पद्धत येथे प्रसिद्ध होती. साबूचे वडील महाराजांच्या पदरी माहूत होते. आई तो तान्हा असतानाच गेली आणि वडीलही तो सहा-सात वर्षांचा असताना वारले. पोरके पोर सरकारी हत्तीखान्याच्या आश्रयाला राहिले. हत्तीला नदीवर नेणे, घासून आंघोळ घालणे, चारा घालणे ही त्याची शाळा. पाटी-पेन्सिलीशी त्याचा संबंध नव्हता, परंतु हत्तीच्या कानामागे पाय रोवून त्या डोंगराएवढ्या जनावराला वळवावे कसे ही विद्या मात्र त्याने पुरती हस्तगत केली होती.

१९३५ साली रॉबर्ट फ्लाहर्टी नावाचा एक अमेरिकन दिग्दर्शक म्हैसूरला येऊन दाखल झाला. बर्फाळ उत्तरेतील माणसांवरचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा १९२२ चा त्याचा माहितीपट जगभर वाखाणला गेला होता. दूरदूरच्या मुलखांतील माणसे त्यांच्या स्वतःच्या भूमीत, त्यांच्या नित्याच्या कामात चित्रित करणे हा त्याचा ध्यास. लंडनचे निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांनी त्याला रडयार्ड किपलिंगच्या तुमाई या माहुताच्या मुलाच्या कथेवर चित्रपट करण्यासाठी पाठवले होते. या किपलिंगचा जन्म १८६५ साली आपल्या मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाला हे आपण जाणतोच. म्हैसूरच्या महाराजांनी पाहुण्यांची उत्तम बडदास्त ठेवली, हत्ती दिले, खेड्डा दाखवला. प्रश्न उरला तो तुमाईचा. त्याच्या शोधात असताना छायाचित्रकार ऑस्मंड बोराडेल यांची नजर हत्तीखान्यातील अकरा वर्षांच्या साबूवर पडली. या मुलाला अभिनय शिकवावा लागणार नव्हता. तो जे रोज करत होता तेच त्याला कॅमेऱ्यासमोर करायचे होते.

फ्लाहर्टीने महिनोन् महिने चित्रण केले. फितींचे ढीग साचले, पण कथा काही जुळेना. लंडनच्या मंडळींचा धीर सुटला. अखेर साबूला आणि त्याच्या थोरल्या भावाला, शेख दस्तगीरला, इंग्लंडला नेण्यात आले आणि अलेक्झांडरचा भाऊ झोल्टान कोर्डा याने डेनहॅमच्या स्टुडिओत उरलेला भाग पुरा केला. म्हैसूरच्या खऱ्या अरण्याला इंग्लंडमधले बनावट अरण्य जोडले गेले. साबूच्या नावाचीही अशीच जोडाजोड झाली. दस्तगीर हे वास्तविक भावाचे नाव, पण तिकडच्या कागदपत्रांत ते साबूचे आडनाव होऊन बसले. साबू दस्तगीर म्हणून त्याची जी ओळख आजही कोशांतून दिली जाते ती अशा घोटाळ्यातून जन्मली आहे. ज्याचे नावदेखील दुसऱ्यांनी ठरवले, त्याच्या भूमिका कोण ठरवणार होते हे सांगायला नको.

‘एलिफंट बॉय’ १९३७ साली प्रदर्शित झाला. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिक त्याला मिळाले. चित्रपटाच्या आरंभी तेरा वर्षांचा साबू प्रेक्षकांना सामोरा येऊन इंग्रजीत तुमाईची गोष्ट सांगू लागतो. दीड-दोन वर्षांपूर्वी ज्या मुलाला या भाषेचा गंध नव्हता त्याने ती किती लवकर आपलीशी केली याचे नवल वाटते. मात्र त्याच्याभोवतीची माणसे पाहिली की दुसरेच नवल वाटू लागते. हत्ती खरा, नदी खरी, मुलगा खरा, पण त्याचा बाप आणि माहुतांचा नायक माचुआ अप्पा ही महत्त्वाची पात्रे इंग्रज नटांनी तोंडाला रंग लावून रंगवली होती. भारतीय मुलगा चालला, भारतीय बाप मात्र चालला नाही! मूल पडद्यावर गोड दिसते, त्याच्यापासून कोणाला भय वाटत नाही. प्रौढ भारतीय पुरुष आपल्या स्वतःच्या आवाजात बोलू लागला तर काय होईल, याचा धीर त्या पडद्याला अजून आलेला नव्हता. साबूच्या पुढील साऱ्या आयुष्याचे बीज येथेच पडले आहे असे मला वाटते.

दुसराच चित्रपट ‘द ड्रम’ १९३८ चा. रंगीत, भव्य आणि वायव्य सरहद्दीवर घडणारा. यात साबू एका लहानशा राज्याचा राजपुत्र अझीम झाला. त्याचा दुष्ट काका इंग्रजांविरुद्ध कट करतो आणि हा राजपुत्र नगाऱ्याच्या ठोक्यांतून इशारा देऊन इंग्रज फौजेला वाचवतो, असे कथानक. काका म्हणजे रंग फासलेला कॅनडाचा नट रेमंड मॅसी. साम्राज्याशी निष्ठावंत तो सज्जन आणि साम्राज्याविरुद्ध उठणारा तो राक्षस, इतका सोपा हिशेब होता. देशात स्वातंत्र्याची चळवळ रंगात आलेली असताना हा चित्रपट मुंबईत लागला आणि लोक खवळले. चित्रपटगृहासमोर निदर्शने झाली, रस्त्यांवर दंगल उसळली आणि चित्रपट उतरवावा लागला. बाबुराव पटेल यांच्या ‘फिल्मइंडिया’ या मुंबईच्या मासिकाने अशा भारतविरोधी चित्रपटांवर आसूड ओढले. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘गंगा दिन’वर मुंबई आणि बंगाल प्रांतांत बंदी घालण्यात आली.

मुंबईकरांचा राग रास्तच होता. पडद्यावर आपल्या देशातला एक चेहरा दिसला म्हणून आनंद मानावा, तर तो चेहरा परक्याची कथा सांगत होता. परंतु चौदा वर्षांच्या साबूचा यात अपराध कोणता? त्याच्या हाती लेखणी नव्हती, पैसा नव्हता. करारावर बांधलेले ते पोर होते. आपला तो आपला नाही असे मायदेशाला वाटू लागले, आणि ज्यांच्यासाठी त्याने काम केले त्यांना तो कधी आपला वाटलाच नव्हता. या दोन्ही काठांपासून तुटण्याची सुरुवात १९३८ सालीच झाली.

साबूची कीर्ती शिखरास पोहोचली ती १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मुळे. याचे चित्रण डेनहॅमला सुरू झाले, पण महायुद्ध पेटल्यामुळे सारा बाडबिस्तारा अमेरिकेत हलवावा लागला आणि साबूही हॉलिवूडला जाऊन पोहोचला तो कायमचाच. उडता गालिचा, बाटलीतून निघणारा राक्षस, सहा हातांची नाचणारी बाहुली, राक्षसी कोळी, अशा अद्भुताने भरलेला हा चित्रपट. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि चमत्कृतिदृश्ये यांसाठी त्याला तीन ऑस्कर पारितोषिके मिळाली. बाटलीतील जिन्नाची भूमिका रेक्स इन्ग्राम या कृष्णवर्णीय अमेरिकन नटाने केली आहे. त्याचे गडगडाटी हास्य आणि त्याच्या पायाशी उभा असलेला टीचभर साबू, हा प्रसंग चित्रपटाचा प्राण आहे. त्या दृश्यात पडद्यावर एकही गोरा माणूस नाही! अशा वर्णाची दोन माणसे आपल्या बुद्धीचा आणि शक्तीचा सामना करताहेत आणि प्रेक्षक श्वास रोखून पाहताहेत, ही त्या काळात सामान्य गोष्ट नव्हती.

तथापि येथे एक तुलना करण्यासारखी आहे. याच नावाचा मूकपट १९२४ साली डग्लस फेअरबँक्स याने काढला होता. त्यात चोर एकच, नायक एकच. तोच पराक्रम करतो आणि राजकन्याही त्यालाच मिळते. १९४० मध्ये चोराची भूमिका साबूकडे आली तेव्हा त्या एका नायकाचे दोन तुकडे करण्यात आले. एक राजा अहमद, तो इंग्रज नट जॉन जस्टिन याने केला. दुसरा अबू नावाचा पोरगा चोर, तो साबूने केला. जिन्नाला बाटलीत परत घालतो अबू, देवीच्या मूर्तीचा सर्वसाक्षी डोळा चोरून आणतो अबू, गालिच्यावरून येऊन दुष्ट वजिराला बाण मारतो तोही अबूच. अहमद बहुतेक वेळ संकटात सापडण्याचे आणि प्रेम करण्याचे काम करतो. आणि राजकन्या? ती अर्थात अहमदची. साहसाचा सगळा भार एकाच्या खांद्यावर आणि साहसाचे फळ दुसऱ्याच्या ओंजळीत, अशी ही वाटणी आहे. शेवटी अबूला बक्षीस म्हणून शाळेत पाठवून पुढेमागे वजीर करण्याचे ठरते, तर हा पठ्ठ्या गालिच्यावर बसून नव्या साहसाच्या शोधात उडून जातो. प्रेक्षक खदखदून हसतात. मुलाच्या स्वातंत्र्याचा तो सुंदर क्षण आहे यात शंका नाही. परंतु त्यामुळे दरबारात त्याला जागा देण्याचा प्रश्नही आपोआप मिटतो, हे विसरता येत नाही.

१९४२ च्या ‘जंगल बुक’मध्ये साबू मोगली झाला. दिग्दर्शक पुन्हा झोल्टान कोर्डा. लांडग्यांत वाढलेला, कमरेला वल्कल गुंडाळलेला, वेलींवरून झोके घेणारा हा मोगली त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला साधला असता असे वाटत नाही. पण पुन्हा तेच! मोगलीच्या गावातील शिकारी बुलदेव हा माल्टाचा नट, आई अमेरिकन नटी. सबंध भारतीय गावाच्या प्रमुख माणसांत भारतीय असा एकटा साबू. आणि अखेरीस गाव सोडून रानात परत जाणाराही तोच. अबू आकाशात गेला, मोगली अरण्यात गेला. माणसांच्या वस्तीत या मुलाचे घर कधीच होत नाही.

त्यानंतर साबू युनिव्हर्सल कंपनीकडे गेला आणि ‘अरेबियन नाइट्स’ (१९४२), ‘व्हाइट सॅव्हेज’ (१९४३), ‘कोब्रा वुमन’ (१९४४) अशा रंगीत चित्रपटांत जॉन हॉल आणि मारिया माँतेझ या जोडीबरोबर चमकला. येथे तो नायकही उरला नाही. तो नायकाचा गमत्या सोबती झाला. ‘कोब्रा वुमन’मध्ये या सोबत्याच्या जोडीला एक चिंपांझी माकडही दिले आहे. साबू आता वीस वर्षांचा तरुण झाला होता, तरी पडद्यावर त्याचे वय पुढे सरकत नव्हते. याचे कारण त्याच्या चेहऱ्यात नव्हते, त्या काळच्या रीतीत होते. हॉलिवूडची जी नियमावली १९३४ पासून कडकपणे अमलात आली तिने गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध दाखवण्यास मनाई केली होती, आणि चित्रसंस्था आशियाई नटनट्यांच्या बाबतीतही तोच हात आखडता घेत. अ‍ॅना मे वाँग ही चिनी वंशाची अमेरिकन अभिनेत्री हे याचे दुसरे उदाहरण. ‘द गुड अर्थ’ या १९३७ च्या चित्रपटातील चिनी शेतकरणीची मुख्य भूमिका तिला मिळाली नाही. ती लुइझ रायनर या गोऱ्या अभिनेत्रीने केली आणि तिला त्यासाठी ऑस्करही मिळाले. चिनी बाईला चिनी बाई होता आले नाही, आणि साबूला पुरुष होता आले नाही.

पडद्यावर जे घडत नव्हते ते प्रत्यक्षात घडले. १९४४ साली साबू अमेरिकेचा नागरिक झाला. १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिल्यापासून सर्वसामान्य भारतीयांना नागरिकत्वाचा दरवाजा बंद होता. तो कायद्याने थोडासा उघडला १९४६ मध्ये. साबू त्यापूर्वीच आत गेला आणि हवाई दलात भरती झाला. पॅसिफिक महासागरावरील लढाईत बी-२४ जातीच्या बाँबफेकी विमानात तो मशीनगन चालवीत असे. अशी कित्येक उड्डाणे त्याने केली आणि डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे मानाचे शौर्यपदक मिळवले. विमानाच्या शेपटाकडील काचेच्या घुमटीत बसून शत्रूच्या विमानांशी सामना देणे हे गालिच्यावर बसून बाण सोडण्यासारखे नव्हते. येथे मरण खरे होते. चित्रपटात ज्याला कायम दुसऱ्याचा मदतनीस ठेवले, त्याला युद्धाने विनासायास प्रौढ मानले.

तो परत आला तेव्हा जग बदलले होते. भारत स्वतंत्र होत होता, साम्राज्याच्या निष्ठेच्या गोष्टी शिळ्या झाल्या होत्या आणि जादूच्या गालिच्यांचे कौतुकही ओसरले होते. १९४७ च्या ‘ब्लॅक नार्सिसस’ या इंग्रजी चित्रपटात त्याला एक चांगली भूमिका मिळाली. हिमालयातील एका मठात जोगिणींकडे शिकायला येणारा नटवा राजपुत्र त्याने झोकात उभा केला. त्याच्या प्रेमात पडणारी डोंगरी मुलगी मात्र जीन सिमन्स या इंग्रज अभिनेत्रीने तपकिरी रंग लावून केली आहे. आणि तो हिमालय? तो इंग्लंडमधल्या स्टुडिओत पडद्यांवर रंगवलेला. १९४८ साली ‘मॅन-ईटर ऑफ कुमाऊँ’ आणि १९४९ साली ‘साँग ऑफ इंडिया’ असे चित्रपट आले आणि गेले. १९४८ मध्येच त्याने मॅरिलिन कूपर या अभिनेत्रीशी विवाह केला. गोऱ्यांनी काही विशिष्ट वंशांच्या माणसांशी लग्न करू नये हा कॅलिफोर्नियातील निर्बंध तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तोही याच वर्षी, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. या दांपत्याला एक मुलगा आणि एक मुलगी झाली.

पुढे कामे कमी होत गेली. १९५२ साली साबू लंडनला सर्कशीत हत्तींचे खेळ करून दाखवीत होता. त्याच सुमारास इटलीत व्हित्तोरिओ दे सिका यांच्याबरोबर त्याने एका चित्रपटात काम केले, त्यातही हत्ती होताच! एकदा हत्तीवर बसलेला हा मुलगा जन्मभर हत्तीवरून खाली उतरू शकला नाही.

आणि मग एक संधी चालून आली, ती थेट आपल्या मुंबईहून. मेहबूब खान ‘मदर इंडिया’ची जुळवाजुळव करत होते. त्यातील बिरजू या बंडखोर मुलाच्या भूमिकेसाठी त्यांनी साबूला निवडले. साबू मुंबईला आला, राहिला, वाट पाहत बसला. ज्याने उभ्या आयुष्यात भारतीय मुलाची सोंगे परदेशात वठवली त्याला प्रथमच भारताच्या मातीत, भारतीय दिग्दर्शकाच्या हाताखाली भारतीय माणूस रंगवायचा होता. तोही कसा? सावकाराच्या वहीविरुद्ध पेटून उठणारा, कोणाची चाकरी न करणारा, संतापणारा. राजपुत्र अझीमच्या अगदी उलट! परंतु साबू आता अमेरिकन नागरिक होता. येथे काम करण्याचा परवाना मिळेना, चित्रणही लांबत गेले आणि अखेर तो रिकाम्या हाताने परतला. बिरजू झाला सुनील दत्त, आणि त्या भूमिकेने दत्तांना नट म्हणून उभे केले. १९५७ साली ‘मदर इंडिया’ पडद्यावर आला आणि ऑस्करच्या अंतिम यादीपर्यंत पोहोचला. अमेरिकेत साबू भारतीय म्हणून अडला आणि भारतात अमेरिकन म्हणून. नियतीची याहून क्रूर थट्टा ती कोणती?

१९६० साली हॉलिवूडच्या प्रसिद्ध पदपथावर साबूच्या नावाची चांदणी बसली. त्याच वर्षी त्याच्याबरोबर म्हैसूरहून निघालेला त्याचा भाऊ आपल्या फर्निचरच्या दुकानात चोराच्या हातून मारला गेला. साबूने छोटीमोठी कामे करणे सोडले नाही. डिस्नेच्या ‘अ टायगर वॉक्स’ या चित्रपटात त्याने वाघ सांभाळणाऱ्या रामसिंगचे काम केले. पहिल्या चित्रपटात हत्ती राखणारा, शेवटच्या चित्रपटात वाघ राखणारा. पंचवीसहून अधिक वर्षांच्या कारकिर्दीत पडद्याने त्याला एवढेच अंतर चालू दिले! हा शेवटचा चित्रपट १९६४ मध्ये आला, पण तो पाहायला साबू नव्हता. २ डिसेंबर १९६३ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने लॉस एंजेलिस येथे त्याचे निधन झाले. वय अवघे एकोणचाळीस. हॉलिवूडच्या टेकड्यांवरील दफनभूमीत कारापूरचा तो मुलगा विसावला आहे.

साबूचे मूल्यमापन कसे करावे? तो साम्राज्याच्या हातचे बाहुले होता असे म्हणून त्याला निकालात काढता येईल, पण ते न्यायाचे होणार नाही. कथा लेखकाच्या, पैसा निर्मात्याचा, परंतु पडद्यावर प्राण ओतणारे शरीर आणि हसू त्याचे होते. जेथे त्याच्या रंगाच्या माणसाने खाली मान घालून उभे राहायचे, तेथे त्याने मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिले. ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये राजकन्या अहमदला मिळाली असेल, पण चित्रपट संपल्यावर ध्यानात राहतो तो अबूच. उलट, तो यशस्वी झाला म्हणून त्या काळाचे सारे गोड होते असेही म्हणता येणार नाही. केवळ चेहरा दिसला म्हणजे प्रतिनिधित्व झाले असे नव्हे. त्या चेहऱ्याला वय वाढवण्याचा, रागावण्याचा, प्रेम करण्याचा आणि चुकण्याचा अधिकार मिळाला पाहिजे. साबूला दर्शन मिळाले, अधिकार मिळाला नाही.

हे सारे केवळ परदेशाचे दुखणे आहे असे समजून आपण निर्धास्त होऊ नये. आपल्या मराठी नाटकांत आणि चित्रपटांत दिवाणखान्यातली माणसे एक भाषा बोलत आली आहेत आणि गडी, मोलकरीण गावाकडची बोली बोलत आले आहेत. ती बोली तोंडात येताच प्रेक्षागृहात हशा पिकायचा हे ठरलेले. ज्यांच्या घरात ती बोली हीच रोजची भाषा आहे, आणि ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणीतरी महाविद्यालयाची पायरी चढले आहे, अशा माझ्यासारख्यांना त्या हशाचा अर्थ लवकर कळतो. स्नेहसंमेलनाच्या नाटकात पात्रे वाटताना आपण कोणाकडे पाहून राजा ठरवतो आणि कोणाकडे पाहून भालदार, हे एकदा आपले आपण तपासून पाहावे. त्यासाठी हॉलिवूडला जाण्याची गरज नाही.

काळ पुढे गेला आहे. १९९२ साली डिस्नेने ‘अलादिन’ हा व्यंगचित्रपट काढला. त्यावर ‘द थीफ ऑफ बगदाद’ची छाप उघड दिसते. वजिराचे नाव जाफर तेच राहिले. अबू हे नावही राहिले, परंतु ते नायकाच्या खांद्यावरील माकडाला देण्यात आले. साबूच्या सर्वांत लाडक्या भूमिकेचे नाव माकडाला मिळावे हे वाचून मन खट्टू होते. मात्र २०१६ साली नवा ‘जंगल बुक’ आला तेव्हा मोगलीसाठी नील सेठी हा भारतीय वंशाचा अमेरिकन मुलगा निवडला गेला. ही वाट पहिल्यांदा तुडवली ती साबूनेच. आता तिच्यावरून चालणाऱ्या मुलांना मोठे होऊ द्यायचे की नाही, हे ठरवणारी माणसे तेवढी बदलली पाहिजेत. कथा लिहिणारी, पैसा उभा करणारी, पात्रे वाटणारी माणसे. तोवर माहुताचा तो पोर उडत्या गालिच्यावर बसून हसतच राहील, तेरा-चौदा वर्षांचा, कधीच मोठा न झालेला.